हाताने चालतं, रिबूटनंतर नाही

लिनक्सवर मागे गुपचूप चालणारी एखादी सर्व्हिस हाताने स्टार्ट केली की मस्त चालते, मशीन रिबूट केलं की मेलेली सापडते, आणि मग लोक प्रोग्राममध्येच बग शोधत बसतात. बऱ्याचदा प्रोग्राम ठणठणीत असतो हो. आपण कमांड मारतो तोवर नेट आलेलं असतं, डिस्क जोडलेल्या असतात, घड्याळ बरोबर असतं. बूट होताना यातल्या कशाचीच खात्री नसते.

आधी एक फालतू वाटणारी गोष्ट बघा, सर्व्हिस नुसती 'स्टार्ट' केलीये की 'एनेबल'पण केलीये? स्टार्ट म्हणजे आत्तापुरती चालू, पुढच्या बूटला आपोआप उठायला एनेबल लागतं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

आता खरी गंमत. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये हा कारभार सिस्टिमडी बघतं, जे २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी आणलं. बूट पटकन व्हावं म्हणून ते जमेल तेवढ्या सर्व्हिसेस एकदमच सुटायला लावतं, त्यामुळे कोणाच्या आधी कोण हे तुम्ही लिहून दिलं नाही तर क्रमाचा भरवसा नाही. लोक सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये लिहितात, 'आफ्टर नेटवर्क टार्गेट', म्हणजे नेटवर्कचा टप्पा (टार्गेट) झाल्यावर सुरू हो, आणि निर्धास्त होतात. पण हे टार्गेट गाठलं म्हणजे मशीनला आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, मिळालाच असं अजिबात नाही! त्यासाठी 'नेटवर्क ऑनलाइन टार्गेट' वेगळं आहे, आणि त्याच्यासाठी आफ्टरसोबत 'वॉन्ट्स'पण लिहावं लागतं, कारण आफ्टर फक्त क्रम ठरवतं, समोरच्याला उठवत नाही.

बरं, पडली तर परत उठेल म्हणून 'रीस्टार्ट ऑन फेल्युअर' टाकलं तरी सुटका नाही. दोन प्रयत्नांमधलं अंतर डिफॉल्टने फक्त १०० मिलिसेकंद, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी हात टेकतं. समजा वायफाय जोडायला ८ सेकंद लागतात आणि नेट नाही म्हणून प्रोग्राम लगेच मरतो, तर पाचही प्रयत्न सेकंदभरात उडाले, नेट आलं तेव्हा विचारायलाच कोणी उरलं नाही. 'रीस्टार्ट सेक', म्हणजे हेच अंतर, १० सेकंद करा, मग ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही. माझ्या मते हा डिफॉल्ट घाईचाच आहे.

रास्पबेरी पाय हा छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना अजून एक ताप. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, पायला काही दिवसांनी वीज मिळाली की तो जुनीच वेळ धरून उठतो, आणि नेटवरून वेळ जुळेपर्यंत सर्व्हरची ओळख पटवणारं एखादं नवं सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जाऊ शकतं. नेट आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी कनेक्शन फेल.

अजून एक कारण, 'रन' फोल्डर मेमरीत असतं, रिबूटला साफ होतं, तिथे हाताने बनवलेलं सबफोल्डरही जातं, आणि ते लागणारा प्रोग्राम पडतो.

लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याच्या नोंदी, बघताना त्या दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला 'बी' ऑप्शन देऊन फक्त या बूटचा भाग काढा आणि वरून वाचा. शेवटी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असं दिसेल, ते कारण नव्हे, पाच वेळा पडल्याची नोंद आहे. खरी एरर त्याच्या वर, पहिल्या पडण्यापाशी असते.