पोलिसांच्या नावाने अडवलेला लॅपटॉप : हा धाक आला कुठून

घरच्या लॅपटॉपवर काही पाहता पाहता अचानक स्क्रीनभर पोलिसांची नोटीस उघडते. वर राजमुद्रा, खाली आपला आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) आणि शहराचं नाव, 'बेकायदा अश्लील मजकूर पाहिल्याबद्दल' दंड आणि कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. खिडकी बंद करायचं बटणच सापडत नाही. भारतात याची चर्चा अलीकडे सुरू झाली, पण युरोपातली घरं याने २०११-१२ सालीच हैराण झाली होती.

संगणक अडवून पैसे मागण्याची पहिली गाजलेली घटना १९८९ ची. एड्सविषयी माहिती देणारा प्रोग्राम म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. ठरावीक वेळा संगणक सुरू झाला की त्यातला छुपा भाग फायलींची नावं ओळखू न येणाऱ्या सांकेतिक अक्षरांत बदलून टाकायचा आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवायला सांगायचा. प्रकरणात जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाला अटक झाली. युक्ती चालण्यासारखी होती, अडलं ते वसुलीपाशी. टपालाने परदेशी पैसे मागवून असा धंदा मोठा होणार नव्हता, आणि पुढची वीस वर्षं तो झालाही नाही.

ही अडचण रशियात सुटली. 'विनलॉक' नावाने ओळखले जाणारे प्रोग्राम स्क्रीनवर अश्लील चित्र चिकटवून ठेवायचे आणि ते काढण्याचा कोड हवा असेल तर महागड्या क्रमांकावर एसएमएस करायला लावायचे. पैसे मोबाईलच्या शिलकीतून कापले जात. ऑगस्ट २०१० मध्ये मॉस्कोत या प्रकरणी दहा जणांना पकडलं. इथे पोलिसांचं नाव अजून आलेलं नव्हतं. होती ती लाज : घरातल्या कुणी बघण्याआधी हे चित्र गेलं पाहिजे, एवढीच घाई.

त्या लाजेला कायद्याची भीती जोडली गेली ती २०११ मध्ये, जर्मनीत. तिथल्या केंद्रीय गुन्हे तपास यंत्रणेच्या, म्हणजे बीकेएच्या नावाने स्क्रीन अडू लागले आणि १०० युरो 'दंड' मागितला जाऊ लागला. वसुलीसाठी युकॅश आणि पेसेफकार्ड ही व्हाउचरं होती : दुकानात रोख देऊन घ्यायची आणि त्यावरचा आकडा स्क्रीनवर टाकायचा. बँक खातं नाही, नाव नाही. २०१२ मध्ये 'रेव्हेटॉन' या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, हीच कल्पना देशोदेशी नेली. आयपी ॲड्रेसवरून देश ओळखून ब्रिटनमध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस, फ्रान्समध्ये जांदार्मरी हे पोलीस दल, अमेरिकेत एफबीआय असा मुखवटा बदलायचा. काही आवृत्त्या वेबकॅम सुरू करून समोर बसलेल्याचाच चेहरा नोटिशीत दाखवायच्या. त्या चौकटीत स्वतःला पाहून किती जणांच्या पोटात गोळा आला असेल!

एवढा धाक घालणारी गोष्ट आतून मात्र साधी होती. रेव्हेटॉन फायलींना हात लावत नसे. जुन्या जावासारख्या प्रोग्राममधल्या फटीतून तो शिरायचा, आपली एक डीएलएल फाइल (प्रोग्रामचा कोड असलेली फाइल) ठेवायचा आणि विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या जागी, एक शॉर्टकट टाकायचा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्या शॉर्टकटचं नाव असायचं 'सीटीएफमॉन', विंडोजच्याच एका खऱ्या फाइलचं. तेव्हाचे दुरुस्तीवाले म्हणून लॅपटॉप सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांनिशी, आणि आज्ञा टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टसह सुरू करायचे आणि तिथून सिस्टीम रिस्टोअर चालवून आदल्या तारखेला न्यायचे. पुढच्या आवृत्त्यांनी सेफ मोडही अडवला, तेव्हा पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरून चालणारी अँटिव्हायरस कंपन्यांची रेस्क्यू डिस्क कामी आली. दंड भरून कुलूप उघडेल याची मात्र काहीच खात्री नव्हती.

फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी आणि युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस यंत्रणेने एक मोठी टोळी उघड केली. सूत्रधार असल्याचा आरोप असलेला २७ वर्षांचा रशियन तरुण आधीच दुबईत पकडला गेला होता आणि स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आणखी दहा जणांना अटक झाली. वर्षाला दहा लाख युरोंहून अधिक रक्कम ते फिरवत होते. पण धंदा ओसरला तो केवळ अटकांमुळे नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये 'क्रिप्टोलॉकर' आला. तो फायली खरोखरच एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून टाकायचा, आणि बिटकॉइनही घ्यायचा. खरंच अडवता येत असताना पोलिसांचं सोंग कोण घेईल?

सोंग तरीही संपलं नाही, उलट स्वस्त झालं. त्याच सुमारास निव्वळ ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आली. तिला लॅपटॉपमध्ये शिरावंही लागत नाही. जाहिरातीवरून एक पान उघडतं, फुल स्क्रीन होतं, बंद करू गेलं की पुन्हा समोर येतं. भारतात गृह मंत्रालय किंवा एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) नावाने दिसणारे स्क्रीन बहुतांशी याच जातीचे असतात आणि तिथल्या तिथे कार्डाचे तपशील मागतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर बंद करावा, आणि तो पुन्हा सुरू करताना जुने टॅब परत आणू नयेत. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरावं.

मला या सगळ्यात सर्वात जास्त टोचते ती एकच गोष्ट : आरोपच असा निवडलेला असतो की माणूस घरात बोलणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कोळिकोडमध्ये एका शाळकरी मुलाने एनसीआरबीच्या नावाच्या अशाच बनावट पानामुळे जीव दिला. त्याच्याकडे मागितले होते ३३,९०० रुपये. रोमानियातही २०१४ मध्ये अशाच स्क्रीनने एका घराचा घास घेतला होता. म्हणून मुलांना हे आधीच सांगून ठेवायला हवं, तेही न रागावता : कोणताही पोलीस ब्राउझरमधून दंड वसूल करत नाही, आणि असा स्क्रीन आला तर आधी आम्हाला हाक मार.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरच 'तुम्हाला अटक झाली' असं धमकावणं, हे याच वंशातलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की कायद्यात अशी अटकच नाही. तिथे मालवेअर नसतो, बनावट पानही लागत नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश घातलेला माणूस असतो आणि पैसे थेट बँक खात्यात मागवले जातात. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागतं. नुसता कार्डाचा नंबर टाकला असेल तर आधी बँकेकडून कार्ड बंद करून घ्यावं.