पातळ पत्र्यात गोल भोक का पडत नाही?

सांगलीतल्या एखाद्या हळदीच्या गिरणीत गेलात तर भिंतीवरून गेलेली लोखंडी ट्रंकिंग, म्हणजे वायरी नेणारी पत्र्याची चौकोनी पेटी, जवळून बघा. कॉन्ड्युट (वायरीचा पाइप) जिथे तिला जोडलाय, तिथे लॉकनटच्या कडेला कधीकधी फट असते, आणि फटीतून पिवळी पूड आत जाऊन बसलेली असते. नट काढला तर खालचं भोक गोल नसून तिकोनी निघतं. वायरमनला नावं ठेवण्याआधी त्याच्या ड्रिलकडे बघावं.

साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा. २० मिमी ड्रिलला त्या कोनाने शंकू येतो साधारण ६ मिमी उंचीचा. ट्रंकिंगचा पत्रा सव्वा-दीड मिमी. म्हणजे ड्रिलची बाहेरची कड पत्र्याला लागायच्या आतच टोक पलीकडे निघालेलं असतं. जाड लोखंडात टोक आणि भोकाची भिंत ड्रिलला सरळ धरतात. इथे धरायला काहीच नाही. मग दोन धारांपैकी कधी ही जास्त खाते, कधी ती. त्या झोकांड्यांतून भोकाला तीन कोपरे येतात. शेवटी धार पत्र्यात अडकते आणि मनगट पिरगळतं. सुटा पत्रा हातात धरून भोक पाडू नये ते यासाठी.

स्टेप ड्रिल म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा शंकू. प्रत्येक पायरी भोक थोडंसंच वाढवते, आणि आधीच्या पायरीने पाडलेलं भोक तिला मध्यावर ठेवतं. पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी, एवढं बघून घ्या. एक-दोन भोकांसाठी मी हेच घेईन.

मोठ्या मापाला होल सॉ, म्हणजे कडेला दात असलेली गोल करवत. तो बिघडतो तो बहुतेक वेगामुळे. हँड ड्रिल मिनिटाला २,८०० फेरे मारत असेल, तर २५ मिमी होल सॉचे दात मिनिटाला सुमारे २२० मीटर धावतात. हायस्पीड स्टीलच्या दातांना मऊ पोलादात २५-३० मीटर पुरे, म्हणजे साधारण सव्वातीनशे ते पावणेचारशे फेरे. त्याहून जास्त पळवला की दात तापून बोथट झालेच. पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला तर मधलं पायलट ड्रिल (करवतीला मध्यावर धरणारं बारीक ड्रिल) भरकटत नाही.

ओळीने वीस-तीस भोकं असतील तर मात्र नॉकआउट पंचच. आधी बोल्टपुरतं भोक पाडायचं, पत्र्याच्या एका बाजूला पोकळ पेला, दुसरीकडे धारदार कडेचा पंच लावायचा आणि पान्याने बोल्ट आवळायचा. पत्रा इथे किसला जात नाही, कातरला जातो. मऊ पोलादासाठी चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन धरले, तर सव्वा मिमी पत्र्यात २० मिमी भोकाला जवळजवळ अडीच टनांचा जोर लागतो. तो बोल्टच्या आट्यांमधून येतो, हात फक्त पाना फिरवतो. शिवाय खालच्या पॅनेलमध्ये लोखंडाचा किस फारसा पडत नाही, आणि किस पडून झालेला शॉर्ट शोधणं फार वैतागाचं काम.

हत्यार कुठलंही असो, आतल्या बाजूची बर, म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धारदार किनार, कानशीने काढावीच लागते. ती दिसत नाही म्हणून राहते आणि केबल ओढताना इन्सुलेशन सोलते. केबल थेट भोकातून जाणार असेल तर ग्रोमेट (कडेवर बसणारी रबरी कडी) बसवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर उघड्या कडेला झिंकचा रंग लावा.

आणि जाड सिंगल-कोर (आत एकच तार असलेल्या) केबल असतील तर प्रत्येकीला वेगळं भोक पाडू नका. एकट्या तारेभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र भोकाभोवतीचं लोखंड तापवतं. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून नेले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास खोडून टाकतात.