उन्हाळी उल्कावर्षाव निरीक्षण (नाशिक परिसर)

एप्रिल-मे महिन्यांत ठरावीक तारखांना पडणाऱ्या उल्का नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचा आणि मोजण्याचा छंद. युरोप-अमेरिकेत उन्हाळी उल्कावर्षाव म्हटले की १२-१३ ऑगस्टचा, ययाती तारकासमूहातला वर्षाव समजतात. नाशिकला तेव्हा श्रावण असतो. त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे डोंगराची प्रदक्षिणा, कधी कधी नेमकी याच सुमारास येते. फेरीवाल्यांच्या डोक्यावर वर्षाव होतो खरा, पण पावसाचा. म्हणून इथले उन्हाळी वर्षाव दोनच : स्वरमंडळ आणि कुंभ या तारकासमूहांतले.

धूमकेतू सूर्याभोवती फिरताना आपल्या वाटेवर धूळ सांडत जातो. पृथ्वी दरवर्षी त्याच दिवसांत ती वाट ओलांडते आणि वाळूएवढे कण साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर वातावरणात जळतात. त्याच या उल्का. त्यांच्या सगळ्या रेघा मागे वाढवल्या तर एका बिंदूत मिळतात. हा उद्गमबिंदू क्षितिजाखाली असेपर्यंत जागून फारसे काही हाती लागत नाही.

स्वरमंडळाचा वर्षाव २२ एप्रिलच्या सुमारास. थॅचर धूमकेतूची ही धूळ. उद्गमबिंदू अभिजित ताऱ्याजवळ असतो आणि रात्री दहाच्या आत उगवतो. उल्का मोजक्याच.

खरी मजा कुंभेच्या वर्षावात. ५-६ मेच्या आसपास तो ऐन भरात असतो आणि ही धूळ हॅलेच्या धूमकेतूची आहे. १९८६ साली येऊन गेलेला हॅले पुन्हा येणार २०६१ मध्ये. तोवर त्याची ही उष्टी धूळ दर मे महिन्यात पाहता येते. या उल्का सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर वेगाने येतात. एखादी ठळक उल्का विझली तरी तिच्या मागची फिकट रेघ क्षण-दोन क्षण टिकून राहते, ती चुकवू नये. उद्गमबिंदू रात्री दोननंतर पूर्वेला उगवतो आणि साडेचारपर्यंत आकाशाच्या जेमतेम एक-तृतीयांश उंचीवर पोहोचतो. त्यामुळे कामाचे दोनच तास मिळतात. ताशी ५० उल्का हा छापील आकडा बिंदू थेट डोक्यावर आणि आकाश काळेभोर असतानाचा आहे. इथे त्याच्या निम्म्याहून कमीच धराव्यात.

जागेच्या बाबतीत एक गोम आहे. नाशिककर सवयीने त्र्यंबक, अंजनेरीकडे निघतात, पण ही गावे शहराच्या पश्चिमेला. पूर्वेकडे पाहायचे म्हटले की सातपूर-अंबडसह अख्ख्या शहराचा उजेड समोर येतो. त्यापेक्षा उत्तरेला वणी-सप्तशृंगीचा परिसर बरा. तिथून शहर दक्षिणेला राहते. त्यातच मे महिन्यात धुरळा असतो आणि वणवा लागला की क्षितिजालगतचे तारे दिसेनासे होतात. वळवाचे ढग आले तर गाशा गुंडाळावा. तारीख ठरवण्याआधी पंचांगात तिथी पाहावी. उत्तररात्री चंद्र असेल तर मंद उल्का दिसत नाहीत.

दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यात आकाशाचा अगदी लहान तुकडाच मावतो. सतरंजीवर पाठ टेकून अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मोबाइल खिशातच ठेवावा. नोंदीसाठी लाल कागद लावलेली बॅटरी पुरते. सतरंजी टाकण्यापूर्वी दगड हलवून विंचू पाहावा. उसाच्या कडेला मात्र पथारी पसरू नये. दिंडोरी, निफाड, सिन्नर हा बिबट्याचा मुलूख आहे.