गरम कुंडांतला हेलियम आणि सह्याद्रीची विझलेली आग

वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून खाली राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणपट्टीत दीडएक डझन ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं तर सत्तर अंशांच्या आसपास. या कुंडांच्या काठी बसलेल्या कुणालाही विचारा, ‘खाली ज्वालामुखी अजून धुमसतोय’ हे उत्तर हमखास मिळतं. सह्याद्री लाव्ह्याचा बनलाय हे शाळेपासून ठाऊक असल्यामुळे ते लगेच पटतंही. हा समज तपासण्याचं सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे त्या पाण्यातून वर येणारे राजवायू, म्हणजे हेलियम, निऑनसारखे सहसा कुणाशी संयोग न करणारे वायू. ते साधन कसं घडलं आणि त्यावरून अजून वाद का होतात, हे थोडं मागे जाऊन पाहावं लागतं.

आधी नावाचा घोळ. कुठे ‘अक्रिय वायू’, कुठे ‘निष्क्रिय’, तर कुठे ‘राजवायू’. १९६२ मध्ये झेनॉनचं संयुग तयार झालं आणि ‘अक्रिय’ हे नाव काटेकोर अर्थानं चुकीचं ठरलं. भूजलवाल्यांना मात्र त्या अक्रियपणाशीच काम आहे. खोलातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वाटेत खडकाशी अडकतो, गंधकावर जिवाणू ताव मारतात. हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन कुणात गुंतत नाहीत. निघताना जसे होते तसेच वर येतात, म्हणून त्यांची साक्ष ग्राह्य.

हेलियम म्हटलं की आपल्याकडे विजयदुर्ग निघतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, सूर्याच्या वर्णपटातली अनोळखी पिवळी रेघ याच किल्ल्यावरून ओळखली गेली, असं दरवर्षी नव्यानं छापून येतं. ज्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाचं नाव त्यासाठी घेतात, तो त्या दिवशी भारतात नव्हताच. ती रेघ त्यानं ऑक्टोबरात इंग्लंडातून पाहिली. विजयदुर्गावर तो आला खरा, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही गेला होता : १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजात आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडातल्या बाथच्या गरम झऱ्याच्या बुडबुड्यांत.

त्यानंतरची कित्येक दशकं झऱ्यातल्या हेलियमकडे पाहिलं गेलं ते माल म्हणून. बंगालात बक्रेश्वरच्या कुंडातून निघणाऱ्या वायूत एक टक्क्याहून जास्त हेलियम आहे, आणि तो साठवून वापरता यावा यासाठी आपल्याच शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खटपट केली. तो आला कुठून, हा प्रश्न मागेच राहिला. त्याला कारणही होतं. नुसता हेलियम मोजून उगम कळत नाही, त्याचे दोन समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, वेगवेगळे मोजावे लागतात.

हेलियम-४ पृथ्वीच्या कवचात, म्हणजे सगळ्यांत वरच्या खडकाळ थरात, सतत तयार होतो. युरेनियम-२३८ चा एक अणू शिसं होईपर्यंत हेलियमचे आठ अणू बाहेर टाकतो, थोरियम सहा. हेलियम-३ चं तसं नाही. पृथ्वी घडताना जो कोंडला गेला, त्यातलाच बहुतेक आजही प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, झिरपतोय. हवेत हेलियम-३ च्या एका अणूमागे हेलियम-४ चे सुमारे सव्वासात लाख अणू असतात. कवचातून आलेल्या वायूत साडेतीन कोटींच्या घरात. आणि समुद्रतळाच्या कण्यावर, जिथे प्रावरण थेट उघडं पडतं, तिथे फक्त नव्वद हजारांच्या आसपास. म्हणजे हवेला १ धरलं तर कवच ०.०२ आणि प्रावरण ८. आइसलंड, हवाईसारख्या ठिकाणी आकडा ३० च्याही पुढे जातो.

हा फरक मोजण्याइतके मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारी यंत्रं) तयार झाले आणि १९६९ मध्ये दोन टोकांकडून एकाच वर्षी बातमी आली. सोव्हिएत गटाला कुरिल बेटांच्या ज्वालामुखी वायूंत हेलियम-३ जास्त मिळाला, अमेरिकी-कॅनडी गटाला प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात. पृथ्वीच्या पोटातला मूळ वायू अजून बाहेर पडतोय, याचा तो पहिला पुरावा. पुढची वीस वर्षं जगभरचे झरे, विहिरी आणि गॅसचे कूप यांतून नमुन्यांची रीघ लागली.

आणि इथेच, माझ्या मते, या विषयाची गाडी थोडी रुळावरून घसरली. कारण एक आकडा फार लाडका झाला : ०.१.

हिशेब सोपा आहे. प्रावरणाचा ८ वाला हेलियम एक टक्का आणि कवचाचा ०.०२ वाला नव्याण्णव टक्के असं मिश्रण केलं, की गुणोत्तर जेमतेम ०.१ येतं. मग रिवाज पडला की ०.१ च्या वर असेल तर प्रावरणाचा अंश आहे, खाली असेल तर नाही. सोयीची रेघ आहे, पण ती कशाची रेघ आहे हे विसरलं जातं. तिथे हेलियम किती आला हे ती सांगत नाही, कोणात किती मिसळला एवढंच सांगते. ग्रॅनाइटसारख्या युरेनियमनं भरलेल्या खडकात पाणी लाखभर वर्षं मुरलं, तर त्यात हेलियम-४ इतका साठतो की खालून आलेला प्रावरणाचा वायू बुडूनच जातो. ताकाच्या घागरीत दुधाचा पेला ओतला तर दूध नव्हतंच असं म्हणायचं का?

उलट्या बाजूची फसगतही आहे. १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे पावसात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, भरपूर उतरलं. ते १२.३ वर्षांच्या अर्धायुष्यानं, म्हणजे दर तेवढ्या काळात निम्मं होत, हेलियम-३ मध्येच बदलतं. उथळ विहिरीत गुणोत्तर चढलेलं दिसलं, तर खाली शिलारस असेलच असं नाही, वरून पडलेला बॉम्बचा पाऊसही असू शकतो. शिवाय नमुन्यात थोडी हवा शिरली की आकडा १ कडे ओढला जातो. म्हणून निऑन मोजतात. निऑन जवळपास सगळा हवेतलाच, तेव्हा हवेत हेलियम आणि निऑन-२० यांचं जे ०.३२ च्या आसपास गुणोत्तर असतं, त्यावरून हवेचा वाटा वजा करता येतो. वजाबाकी मोठी झाली की उरलेल्या आकड्यावर किती विसंबायचं, यावर दोन प्रयोगशाळांचं एकमत होईलच असं नाही.

अमेरिकेतल्या यलोस्टोनचं उदाहरण यासाठी वारंवार देतात. तिथे गुणोत्तर १६ पर्यंत जातं, म्हणून सत्तरच्या दशकापासून तो प्रावरणाच्या वायूचा नमुनेदार झरा मानला गेला. २०१४ च्या अभ्यासानं लक्ष वळवलं ते दुसऱ्याच भागाकडे : तिथून निघणारा हेलियम-४ इतका प्रचंड आहे की आज खडकात तयार होणाऱ्या वायूनं त्याचा हिशेब लागत नाही. अतिप्राचीन भूखंडात शेकडो कोटी वर्षं साठलेला तो हेलियम, गेल्या वीसएक लाख वर्षांतल्या ज्वालामुखी उष्णतेनं सैल होऊन बाहेर पडतोय. म्हणजे कवचाचा हेलियम दिसला म्हणून ज्वालामुखीचा हात नाही, असंही ठरत नाही. ०.१ ची रेघ इथे मुकी.

जर्मनीतल्या आयफेलमध्ये शेवटचा उद्रेक सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीचा. तिथलं फसफसतं खनिजपाणी बाटल्यांत भरून विकलं जातं, आणि त्याच पाण्याच्या वायूत हेलियमचं गुणोत्तर ५-६ च्या घरात आहे. पृष्ठभागावर सगळं शांत, पण वायू अजून ताजा. २०१६ मध्ये तिथल्याच एका झऱ्याच्या झेनॉनमध्ये पृथ्वीला उल्कापाषाणांकडून मिळालेल्या मूळ झेनॉनची खूण वाचली गेली. हे काम हेलियमच्या कितीतरी पट अवघड, कारण हवेत झेनॉन दहा लाखांत ०.०९ भागही नाही.

आता आपल्या दख्खनकडे. मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडाली इथले खडक त्याच्या थोडे आधीचे, आणि त्यांच्या खनिजांत १४ च्या जवळचं गुणोत्तर मिळाल्याचं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. दख्खनची आग खोल प्रावरणातून आली असं म्हणणाऱ्यांचा तो मोठा आधार. स्फटिकात कोंडलेला वायू एवढी वर्षं टिकला. पाण्याकडून तीच अपेक्षा ठेवणं मात्र चूक. कुंडातलं पाणी पावसाचंच, काही ठिकाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळलेलं. ते भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं.

केंद्र सरकारनं देशातल्या गरम झऱ्यांच्या अभ्यासाला १९६६ मध्ये समिती नेमली, तेव्हा भर होता ऊर्जेवर. वायूंचे समस्थानिक तपासले गेले ते पुष्कळ उशिरा, आणि २००० च्या सुमारास आलेले निकाल कोकणातल्या दंतकथेला फारसे मानवणारे नव्हते. वायू मुख्यतः नायट्रोजन, जोडीला अरगॉन आणि हेलियम. हेलियमचा कल स्पष्टपणे कवचाकडे. सह्याद्रीच्या लाव्ह्याचा खडक म्हणजे बसाल्ट, आणि त्यात युरेनियम तुटपुंजं असतं, तेव्हा एवढा हेलियम-४ बसाल्टखालच्या ग्रॅनाइटी पायातून आलेला असणार, आणि पाणी तिथवर उतरत असणार. जमिनीत खोल गेलं की तापमान आपोआप वाढतं, कुंड तापायला तेवढं पुरतं. शिलारसाची गरज नाही. मला हाच अर्थ बरोबर वाटतो.

तरी ०.१ चा आक्षेप इथेही उरतोच. कुंडाचं पाणी फार जुनं असेल, तर बुडालेल्या दुधाचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. म्हणून हल्ली प्रश्न आधी पाण्याच्या वयाचा विचारला जातो. जुन्या पाण्याचं वय मोजायला क्रिप्टॉन-८१ वापरतात, त्याचं अर्धायुष्य २ लाख २९ हजार वर्षं. इजिप्तच्या वाळवंटातल्या भूजलावर २००४ मध्ये ते वापरून दहा लाख वर्षांपर्यंतची वयं मिळाली, पण त्यासाठी दर विहिरीमागे काही टन पाण्यातून वायू काढावा लागला होता. आता वीसेक लिटर पाण्यात भागतं.

हेलियमला तेवढंही लागत नाही. बोटाएवढ्या जाडीची तांब्याची नळी, तिच्यातून पाणी वाहतं ठेवायचं, बुडबुडे निघून गेले की दोन्ही टोकं शिकंज्यानं आवळून चपटी करायची. काच चालत नाही, हेलियम काचेतूनही निसटतो. आणि नळी लावायची ती कुंडात लोक आंघोळीला उतरायच्या आत. एकदा पाणी ढवळलं की हवा मिसळते, निऑन चढतो आणि वजाबाकीला काही उरत नाही.