पीएचपीतला ‘इफ’ इतका सैल का?

वेबवरच्या फॉर्ममधून सर्व्हरपर्यंत जे पोचतं ते मजकूर म्हणूनच, मग रकान्यात नाव भरलेलं असो की वय. पीएचपी ही सर्व्हरवर वेबपानं तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा; तिच्या ‘इफ’चा, म्हणजे ‘जर असं असेल तर’ या अटीचा, सैलपणा इथूनच समजून घ्यावा लागतो. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ही साधनं खुली केली, ती मुळात वैयक्तिक वेबपानांसाठी होती. भाषा वाढली तशी तिच्या == ला, म्हणजे समानता तपासणाऱ्या चिन्हाला, मजकुरातला “१८” आणि आकडा १८ सारखेच वाटत राहिले. फॉर्म तपासणाऱ्याची त्यामुळे मोठी सोय झाली.

‘इफ’ची मांडणी सी भाषेवरून आली: गोल कंसात अट, महिरपी कंसात काम. वेबपानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलच्या गर्दीत महिरपी कंस हरवतात, म्हणून कोलन आणि ‘एंडइफ’ची पद्धतही आहे. तिथे पुढची पर्यायी अट सांगणारं ‘एल्सइफ’ जोडूनच लिहायचं. तोडलं की पार्स एरर, म्हणजे कोड वाचतानाच चूक.

सोयीची किंमत मात्र मोजावी लागली. ‘इफ’मध्ये ०, रिकामा मजकूर, रिकामा अ‍ॅरे (यादी) आणि नल (मूल्यच नसणं) खोटे ठरतात, पण मजकुरातला “०”सुद्धा खोटाच. नगांच्या रकान्यात कुणी मुद्दाम ० भरलं तरी रिकामेपणा तपासणारा ‘एम्प्टी’ तो रकाना रिकामाच समजतो. मजकुरात शब्द कुठे आहे ते शोधणाऱ्या ‘स्ट्रपॉस’ची गोष्ट आणखी त्रासदायक. शब्द मजकुराच्या सुरुवातीलाच सापडला तर उत्तर येतं ०, सापडलाच नाही तर फॉल्स (खोटं). नुसत्या ‘इफ’ला दोन्ही सारखेच. २००० साली पीएचपी ४ बरोबर === आलं, ते मूल्याबरोबर प्रकारही (आकडा की मजकूर) तपासतं. ‘स्ट्रपॉस’चं उत्तर !== (त्याचंच नकारार्थी रूप) लावून फॉल्सशीच ताडायचं, ही शिस्त त्यामुळे शक्य झाली.

तरी == तसंच राहिलं. आकडा ० आणि “अबक” यांची तुलना खरी ठरायची, कारण मजकुराचा आकडा करताना हाती ० यायचा. एक मूल्य अनेक पर्यायांशी (‘केस’शी) ताडणारा ‘स्विच’ही आतून == च वापरतो, त्यामुळे भलतीच ‘केस’ चालायची. नोव्हेंबर २०२० मधल्या पीएचपी ८ ने हा नियम बदलला: मजकूर आकड्यासारखा नसेल तर आकड्याचाच मजकूर करून तुलना होते. ‘स्विच’सारखाच, पण काटेकोर तुलना करणारा ‘मॅच’ही त्याच आवृत्तीत आला. एकही पर्याय जुळला नाही तर तो गप्प न बसता एरर देतो, आणि हेच योग्य आहे.

एक खड्डा अजून बुजलेला नाही. “0e12” आणि “0e34” हे दोन्ही मजकूर घातांकातले आकडे (० गुणिले १० चा घात) म्हणून वाचले जातात, म्हणजे दोन्ही शून्य, म्हणून == त्यांना समान म्हणतं. हॅश, म्हणजे पासवर्डसारख्या मजकुरावरून काढलेली अक्षर-आकड्यांची खूण, कधी अशीच दिसू शकते; म्हणून हॅश ताडताना == कधीही वापरू नका; पीएचपी ५.६ पासून त्यासाठी ‘हॅश इक्वल्स’ आहे.