पैसा खाणं सोपं, पचवणं अवघड

एखाद्या बड्या माणसाने सरकारी तिजोरीतून शेकडो कोटी काढले तरी "एवढा पैसा आला कुठून" याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर तो पैसा उघडपणे वापरताच येत नाही, म्हणून मोठ्या भ्रष्टाचाराच्या मागोमाग मनी लाँडरिंग, म्हणजे चोरीचा पैसा कायदेशीर कमाईसारखा दाखवणं, येतंच, आणि एकदा पैसा देशाबाहेर गेला की तपास करणाऱ्यांना दर देशात वेगळा कायदा, वेगळी बँक, वेगळे वकील.

मलेशियाचं वनएमडीबी प्रकरण बघा. २००९ मध्ये पंतप्रधान नजीब रझाक यांच्या काळात देशाच्या विकासासाठी म्हणून हा सरकारी फंड काढला. अमेरिकन न्याय खात्याच्या हिशोबाने २०१५ पर्यंत त्यातले साडेचार अब्ज डॉलर्सपेक्षा जास्त पैसे लंपास झाले.

सप्टेंबर २००९ मध्ये पेट्रोसौदी या तेल कंपनीशी भागीदारीच्या नावाखाली एक अब्ज डॉलर्स निघाले, त्यातले ७० कोटी गुड स्टार नावाच्या कंपनीच्या झुरिचमधल्या खात्यात. बँकेला सांगितलं की ही पेट्रोसौदीचीच कंपनी आहे. अमेरिकन तपासानुसार मालक होता जो लो हा मलेशियन व्यावसायिक, ज्याच्याकडे फंडात कुठलंही पद नव्हतं!

२०१२ मधली युक्ती तर अजून भारी. अबुधाबीची आबार इन्व्हेस्टमेंट्स ही खरी सरकारी कंपनी, तर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये जवळपास त्याच नावाची दुसरी कंपनी उघडली, नुसतं शेवटी 'लिमिटेड' जोडलं, आणि फंडाचे बाँड (कर्जरोखे) विकून आलेले सव्वा अब्ज डॉलर्सहून जास्त तिकडे वळवले. ट्रान्सफरचा कागद बघणाऱ्याला नाव ओळखीचं, मग शंका कशाला येईल?

हे बाँड गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेने काढून दिले होते, तीन बाँड मिळून साडेसहा अब्ज, फी सुमारे ६० कोटी. हे काम मिळावं म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली आणि ती लाच त्याच बाँडच्या पैशातून गेली, म्हणजे चोरीच्या पैशातून पुढच्या चोरीची सोय. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. २०२० मध्ये गोल्डमनच्या मलेशियन कंपनीने गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी नजीब दोषी ठरले आणि २०२२ मध्ये तुरुंगात गेले. जो लो मात्र फरार झाला.

त्याची २५ कोटी डॉलर्सची इक्वानिमिटी ही आलिशान यॉट इंडोनेशियाने जप्त करून मलेशियाच्या ताब्यात दिली आणि मलेशियाने ती २०१९ मध्ये १२.६ कोटींना विकली. निम्मे पैसे पाण्यात गेले, आणि फंडाचं कर्ज मलेशियाच्या करदात्यांच्या माथी आलं.