निकेल अतिमिश्रधातूंतील तडे (धातूच्या त्रिमितीय मुद्रणातील)

धातूच्या भुकटीचे थर लेसर किंवा इलेक्ट्रॉन शलाकेने एकावर एक वितळवून भाग घडवताना निकेलच्या अतिमिश्रधातूंत (उच्च तापमानातही बळ टिकवणाऱ्या मिश्रधातूंत) पडणाऱ्या बारीक भेगा. जेट इंजिने व वायू टरबाइने यांच्या तप्त भागांसाठी वापरला जाणारा मिश्रधातू जितका बळकट तितका तो मुद्रणात तडकण्याचा संभव अधिक, असा सर्वसाधारण अनुभव आहे. निरपवाद मात्र नाही.

हे बळ मुख्यतः गॅमा-प्राइम या अवक्षेपातून (घन धातूतच वेगळ्या होणाऱ्या सूक्ष्म कणांतून) येते. निकेलचे तीन अणू आणि ॲल्युमिनियम वा टिटॅनियमचा एक, अशी त्याची रचना. यावरून वेल्डिंगच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच एक ठोकताळा बांधला : ॲल्युमिनियमची टक्केवारी आणि टिटॅनियमची निम्मी टक्केवारी यांची बेरीज ३ च्या वर गेली की मिश्रधातू जोडायला अवघड. इनकोनेल ७१८ मध्ये ही बेरीज जेमतेम १ भरते, इनकोनेल ७३८एलसीमध्ये सुमारे ५, तर सीएम २४७एलसीमध्ये जवळपास ६. पहिला मुद्रणात निमूट वागतो, उरलेले दोन तडकतात.

तड्यांचे चार प्रकार मानले जातात. घनीभवनाचा तडा शेवटचा द्रव गोठताना पडतो. द्रवणाचा तडा वरच्या थराच्या उष्णतेने खालच्या थरातील कणसीमा (धातूच्या स्फटिककणांमधील सीमा) पुन्हा पाघळल्याने पडतो. तिसरा, नंतरच्या उष्णतासंस्कारात अवक्षेप तयार होत असताना पडणारा. चौथा, मधल्या तापमानाला तन्यता (न तुटता ताणले जाण्याची क्षमता) घटल्याने. भेग उघडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर पहिल्या प्रकारात वितळून गोठलेल्या मेणासारखी गुळगुळीत, गोलसर टोकांची शाखाकृती स्फटिकांची रांग दिसते. हीच त्याची खात्रीची खूण. प्रत्यक्षात पहिले दोन प्रकार एकाच नमुन्यात सरमिसळ आढळतात आणि वर्गीकरण बऱ्याचदा अभ्यासकाच्या मतावर राहते.

मूळ कारणाचा वाद हॅस्टेलॉय एक्स या निकेल मिश्रधातूने वाढवला. त्यात गॅमा-प्राइम जवळजवळ नाही, वेल्डिंगलाही तो सोपा. तरी लेसर मुद्रणात तडकतो. काहींनी दोष सिलिकॉन व मँगनीज यांना दिला, काहींनी कार्बनला; २०१५ मधील एका शोधनिबंधाने उलट दिशा धरून, घनद्रावणाचे बळ (मूळ धातूत विरघळलेल्या घटकांमुळे येणारे) वाढवले तर तडे घटतात असे मांडले. ही मते दिसतात तितकी परस्परविरोधी नसावीत. सूक्ष्म घटक कणसीमेवर साचून द्रवाचा पातळ पापुद्रा अखेरपर्यंत टिकवतात आणि सेकंदाला लाख ते दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड होणारा भाग आकसून तो फाडतो, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. गॅमा-प्राइमने समृद्ध अशा एका मिश्रधातूच्या इलेक्ट्रॉन शलाकेने घडवलेल्या नमुन्यांत, शेजारच्या स्फटिकांच्या दिशांत सुमारे १५ अंशांहून अधिक फरक असलेल्या सीमाच तडकल्याचे २०१८ मध्ये दाखवण्यात आले. तेथे बोरॉनही साचलेले होते. सीएमएसएक्स-४ या निकेल अतिमिश्रधातूचा एकस्फटिकी नमुना याच पद्धतीने बिनतड्याचा निघतो, हेही याला पूरक. अशी सीमाच नसेल तर पापुद्रा राहणार कोठे?

उपायांत भुकटीचा थर निर्वातात १,००० अंश सेल्सिअस वा त्याहून तप्त ठेवणे, शलाकेची शक्ती, वेग व मार्ग बदलणे आणि मुद्रणासाठीच नवे मिश्रधातू रचणे (ऑक्सफर्ड येथील एबीडी-९००एएम) हे प्रमुख. आर्गॉनच्या उच्च दाबाखाली तापवल्याने आतल्या भेगा मिटतात. पृष्ठभागापर्यंत पोचलेली भेग मात्र मिटत नाही, कारण वायू तिच्यातही शिरतो. तापवतानाच तिसऱ्या प्रकारचा तडा पडण्याचा धोका असतो.

सीमेन्सने २०१७ मध्ये मुद्रित निकेल पात्यांची मिनिटाला १३,००० फेऱ्यांवर पूर्ण भाराची चाचणी यशस्वी केली. भारतात ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून उडालेल्या अग्निकुल या खाजगी कंपनीच्या यानात इनकोनेलचे एकसंध मुद्रित इंजिन होते. लीप या जेट इंजिनाच्या इंधनतोटीचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते. ते गैरलागू आहे, कारण ती तोटी कोबाल्ट-क्रोमियमची आहे.